पायाखालचा गठ्ठा

हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून असलेल्या खोलीत मुदतकाका बसत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. पाहुण्यांची बिलं आठ वर्षं सांभाळायची आणि मग यंत्रात घालून त्यांचे तुकडे करायचे, हा हॉटेलचा नियम. इतरांच्या लेखी तो भिंतीवर चिकटवलेला एक कागद होता, पण काकांनी तो जिवापाड जपला. "राहू द्या की पडून, बिलं काय खायला मागतात?" असं कुणी म्हटलंच, तर काका चष्म्यावरून असे बघत की समोरचा मुकाट्याने जिना चढू लागे.

घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको शेजारणीला सांगायची, "औषधाची तारीख उलटली की दुसऱ्या सकाळी बाटली गायब. माझी पन्नाशी उलटली तेव्हा मी धास्तीच घेतली होती."

नष्ट केलेल्या बिलांची त्यांनी एक वही ठेवली होती. महिना, बिलांची संख्या, व्यवस्थापकांची सही, आणि अगदी शेवटी शेऱ्याचा रकाना. एकतीस वर्षांत त्या रकान्यात शाईचा ठिपका पडला नव्हता. निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि वही अशीच स्वच्छ सोपवून निघायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

त्यात गुडघ्याने दगा दिला. मुदत संपलेला एका महिन्याचा गठ्ठा घेऊन ते यंत्राकडे निघाले होते, तोच कळ आली आणि ते खुर्चीत बसले. डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितला. खुर्चीपाशीच राहिलेला तो जाडजूड गठ्ठा पुढे ओढला, त्यावर पाय ठेवला, तर उंची अगदी मापात. आज घालू, उद्या घालू म्हणता म्हणता तीन महिने गेले. दुसऱ्याच्या हाती कागद द्यायचा नाही हाही काकांचाच नियम, त्यामुळे मदत मागायची सोय नव्हती. वहीत त्या महिन्याची ओळ त्यांनी रिकामी सोडली होती, आणि वही उघडली की ती त्यांना डाचत असे.

एके दिवशी दुपारी स्वागतकक्षातली मुलगी एका पस्तिशीच्या बाईंना खाली घेऊन आली आणि परत वर गेली. बाईंच्या हातात वडिलांचा मृत्यूचा दाखला होता.

"काका, माझ्या बाबांचं एक जुनं बिल बघायचं होतं. आठ वर्षं होऊन गेलीत."

"मग नाही मिळायचं. आठ वर्षांपुढचं इथे काही नसतं."

"तारीख तरी ऐकून घ्या." त्यांनी तारीख सांगितली. "त्या दिवशी माझं लग्न होतं. बाबांना ते पसंत नव्हतं, ते आलेच नाहीत. पुढे आम्ही बोलायला लागलो, पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही. आता त्यांचा कोट आवरताना खिशात तुमच्या धुलाईखान्याची चिठ्ठी सापडली. तारीख पुसली गेलीय. ते तेव्हा इथे आले होते का, एवढंच मला कळायला हवंय."

काकांचा पाय त्याच महिन्यावर होता. आणखी एकदा नाही म्हटलं असतं तर बाई निघून गेल्या असत्या आणि शेऱ्याचा रकानाही कोरा राहिला असता. शिवाय ते खोटंही ठरलं नसतं, कारण नियमाप्रमाणे तो कागद जगात नव्हताच. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली ठेवला.

"बसा," ते म्हणाले. "हा गठ्ठा इथे असायला नको होता. चूक माझी आहे."

बिल सापडलं. माणूस एक, मुक्काम एक रात्र. सकाळी कोटाला इस्त्री, तातडीची. मग टॅक्सी, विवाह नोंदणी कार्यालयापर्यंत, जाऊन-येऊन. तिथे थांबा पन्नास मिनिटं.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आमचं सगळं चाळीस मिनिटांत आटपलं होतं," त्या म्हणाल्या, आणि तिथेच रडू लागल्या. काकांनाही भरून आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. जरा वेळाने बाईंनी डोळे पुसले आणि याची प्रत मिळेल का, असं विचारलं.

"प्रत कशाला? हेच न्या."

त्या गेल्यावर काका लंगडत यंत्रापाशी गेले आणि उरलेली बिलं एकेक करून आत सोडली. चारशे बारांच्या गठ्ठ्यातली चारशे अकरा. रिकामी ओळ भरून वही घेऊन ते वर व्यवस्थापकबाईंकडे गेले. बाईंनी नेहमीसारखं न बघताच पेन उघडलं.

"वाचून सही करा," काका म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: तीन महिने उशीर. एक बिल पाहुण्याच्या मुलीला दिलं.

"हे नियमात बसतं का, काका?"

"नाही बसत."

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.