मायक्रोटोमला झेंडूची माळ

महाडच्या लॅबमध्ये मी वीसेक वर्षं लोकांच्या गाठींचे काप काढते आहे. गाठ मेणात बसवायची, मायक्रोटोमचं चाक फिरवून केसाहून पातळ पापुद्रे काढायचे आणि कोमट पाण्यात तरंगवून काचेवर उचलायचे. पात्याजवळ हात नेण्याआधी चाकाला खटका लावायचा. ज्योत दाराबाहेर ठेवायची, कारण मेण विरघळवायचं आमचं झायलीन ठिणगीची वाटच बघत असतं. हे नियम मीच लाल शाईत लिहून भिंतीवर डकवलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचूनही दाखवते.

पण खंडेनवमीला औद्योगिक वसाहतीतल्या यच्चयावत यंत्रांची पूजा होते, मग आपल्याच यंत्रानं काय घोडं मारलं, असं आमच्या मदतनीस मावशींचं म्हणणं. त्या पोलादपूरहून पिशवीभर झेंडू घेऊन आल्या आणि त्यांनी निरांजन बाहेर काढलं. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"दिवा नाय तर पूजा कसली गो ताय?"

बऱ्याच वाटाघाटींनंतर सेलवरचा दिवा मंजूर झाला. चाकाला खटका लावला, पातं डबीत ठेवलं, डबीवर हळदकुंकू वाहिलं. यंत्राला एक माळ, पाण्याच्या भांड्याला एक. आरती मी म्हटली, दोन कडवी जास्तच.

तेवढ्यात कुडपणचे एक शेतकरी दारात आले. त्यांच्या बायकोच्या काखेतून काढलेली गाठ आमच्याकडे मेणात तयार होती. गाठ वाईट निघाली तर संध्याकाळी वीर स्टेशनवरून गाडी धरून तिला मुंबईला न्यायचं, तिथल्या इस्पितळात उद्याचा नंबर लागलेला. मावशींनी सांगितलं, पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो. त्यावर ते टोपी काढून यंत्रापुढे हात जोडून उभे राहिले.

मावशींचा चेहरा पडला. त्या यंत्राशी वाकून काहीतरी कुजबुजल्या आणि उत्तरासाठी कान लावला.

"देव हो बोलतोय. पन माळ नाय काढायची."

मग मी माळ घातलेल्या यंत्रावर काप काढले, नवरदेवाची दाढी करावी तसे. घाईत स्वतःचाच एक नियम मोडला: पाण्याचं भांडं प्रत्येक गाठीआधी रिकामं करून पुसायचं.

लॅबच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काटेरी पिवळे गोळे कसले? सगळीकडे आहेत."

दारातल्या माणसानं चौकट धरली. मॅडमनी मान वर केली, भांड्यावरची माळ आणि पाण्यावर सांडलेली परागांची पिवळी धूळ पाहिली आणि मला माळ बाजूला करून ताज्या पाण्यात नवे काप घ्यायला सांगितलं. मी घेतले. आरतीइतकी भक्ती या वेळी भांडं पुसण्यात होती.

"गाठ साधी आहे," मॅडम त्यांना म्हणाल्या. "पसरलाय तो झेंडू."

ते बाकावर बसले आणि टोपीनंच त्यांनी डोळे पुसले. मग घरी न्यायला माळ मागितली. यंत्रावरची माळ मावशींनी स्वतःच्या हातानं काढून दिली, देवाला न विचारता. मी भिंतीपाशी लाल शाई घेऊन उभी होते, झेंडूसाठी जागा शोधत.