हेरन्सच्या पहिल्या वहीचं कव्हर

आमचे शेजारी विष्णूकाका गडकर म्हणजे नीटनेटकेपणाचा अतिरेक. नोकरीची वर्षं जवळच्या नोव्हाय शहरात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात गेली आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मिलक्रीक गावच्या हेरन्स, म्हणजे बगळे, या छोट्या बेसबॉल टीमचा स्कोअर लिहिण्यात. तोही फुकट. प्रत्येक वहीला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर, वर लेबल. आम्ही हसायचो, ते ढिम्म.

गेल्या हिवाळ्यात मालकाने जाहीर केलं, टीम नावासकट ओहायोला जाणार. नावाशिवाय तिकडची मंडळी टीम विकत घेणार नव्हती. गाव लीगच्या लवादाकडे गेलं: मालकाने टीम घेतली २००४ साली, नाव त्याआधीपासून आमचं. पण गावाचे जुने कागद पुरात गेलेले. उरल्या काकांच्या वह्या.

सुनावणीला काका-काकूंना मीच घेऊन गेले. मालकाच्या वकिलाने पहिली वही चाळली. खेळाडूंची आडनावं, आकडे, मोत्यासारखं अक्षर. टीमचं नाव कुठेच नाही. लेबलवर फक्त ‘वही १’.

“मिस्टर गडकर, ही कुठल्याही टीमची असू शकते.”

काकांचा चेहरा पडला. एवढा शिस्तीचा माणूस आणि नाव लिहायला विसरला! मला त्यांचा रागच आला.

तेवढ्यात मागून कांचनकाकू ओरडल्या, “अहो, कव्हर काढा ना! फर्स्ट इयरला टाऊनने बुक्स प्रिंट करून दिली होती!”

कव्हर डिंकाने चिकटवलेलं. जोरात ओढलं तर खालचा छापही निघाला असता. काका नखाने कडा सोडवू लागले. वकील हरकत घेत होता, लवादाच्या बाई पुढे झुकल्या होत्या. कागद टरकन फाटला. काका थांबले.

“हळू,” काकू पुटपुटल्या.

आधी बगळ्याचा पाय दिसला. मग १९९१. मग मिलक्रीक. शेवटी, एक अक्षर अर्धं सोललेलं, हेरन्स. मला रडू आवरेना.

दोन आठवड्यांनी निकाल लागला, नाव गावाचं. ओहायोचा करार मोडला. टीम इथेच ठेवणार की नाही, हे मालक मात्र सांगत नाही. या उन्हाळ्याचं वेळापत्रक अजून आलेलं नाही.

काल काकांकडे गेले. टीपॉयवर कोरी वही होती, वर ठळक हेरन्स. शेजारी खाकी कागद तसाच गुंडाळलेला.

“काका, कव्हर?”

“नाही घालणार,” काका म्हणाले. “कुणी विचारलं, तर दिसायला हवं.”