फ्रेम क्लीन पाहिजे

जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या स्टँडवर आबांनी माझी पेटी एसटीत चढवली आणि कंडक्टरला छाती फुगवून सांगितलं, "पोरगं पुण्याला चाललंय. घरं कशी बांधायची ते शिकून येनार हाय." माय खिडकीखाली उभी होती. ती एवढंच म्हणाली, "जेवत जाय बराबर."

डिझाइन शिकलो, पण घर एकही बांधलं न्हाई. लोकांनी बांधलेल्या घरांचे फोटो काढतो, त्यावर पोट चालतं. आर्किटेक्ट म्हणतात, "फ्रेम क्लीन पाहिजे." मंग मी दोरीवरचे कपडे काढतो, दारातल्या चपला काढतो, वॉचमनची खुर्ची काढतो, शेवटी वॉचमनलाही काढतो. त्या बंगल्यात कधी कुणी जेवलंच न्हाई, असं वाटलं की आर्किटेक्ट खूश.

असाच एक काचेचा बंगला मी हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकला. झालं! आबांनी आमचं पत्र्याचं घर पाडलं, गवंड्याला मोबाइल दाखवला आणि म्हणाले, "बिलकुल असंच पायजे." घरातला पोरगा हेच शिकलेला, पण त्याला कुणी एका शब्दानं विचारलं न्हाई. फोनवर भडकलो, तर आबा म्हणाले, "विचारायचं काय त्यात? फोटो तूच तर धाडल्ता."

अहो, तो फोटो मी दिवेलागणीला काढल्ता, ऊन पार उतरल्यावर! आमची काच आली पश्चिमेला, आणि उन्हाळा जालन्याचा. दुपार कलली की बैठकीत पापड भाजून निघतील. फोटोत दारापुढं ओटा दिसत नव्हता, म्हणून गवंड्यानं ओटाही धरला न्हाई. त्याच ओट्यावर बसून माय तूर निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हाका मारायची. आता ती गोठ्यात म्हशीशेजारी बसून तूर निवडून राह्यली. नव्या घराची मालकीण! संताप होतो नुसता, पण काढू कुणावर?

यंदा उन्हाळ्यात गेल्तो. आबा म्हणाले, "पाव्हण्यांना धाडायला घराचा एक झकास फोटो काढ." मी कॅमेरा लावला. माय ठेवणीतलं लुगडं नेसून दारात येऊन उभी राह्यली. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "माय, जरा बाजूला सरक." ती गोठ्याकडं गेली. तिच्या मागं आबाही निघाले. मी म्हणालो, "थांबा आबा, आधी तुम्हा दोघांचा काढतो."

"घराचाच काढ," आबा म्हणाले. "आमाला तर तू कवाच काढलंयस."

गावात राह्यलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, पुण्यात कुणी घर विचारलं की मी तो नुसत्या घराचाच फोटो दाखवतो. बघणारे म्हणतात, वा, काय क्लीन फ्रेम आहे!