औशाच्या किल्ल्यातली झोप

मुलीला भेटायला आम्हाला महिन्यातला एक रविवार मिळत असे. अकरावीला ती लातूरच्या ज्या वसतिगृहात राहत होती, तिथल्या रजिस्टरात सकाळी दहाला सही करून तिला बाहेर न्यायचे आणि पाचच्या आत आणून सोडायचे, असा नियम होता. सहाला क्लासची चाचणी असे. नांदेडहून आम्ही उजाडायच्या आत निघायचो. एरवी हॉटेलात जेवण आणि दोन-चार दुकाने यांतच तो दिवस संपे. त्या रविवारी मी ठरवले की मुलांना औशाचा किल्ला दाखवायचा. मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलीची भेटही होईल आणि दहा वर्षांच्या धाकट्याला भुईकोट म्हणजे काय हेही कळेल, असे मला वाटले. भेट ही एकच गोष्ट त्या दिवसाला पुरेशी होती, हे तेव्हा सुचले नाही.

ती फाटकातून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे आत गेलेले होते. तिच्या आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मीही ते डोळे पाहिले, आणि अभ्यास जोरात चाललेला दिसतो, असे मनात म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते. पण मनात आले होते ते हेच.

किल्ल्यात मी खंदक दाखवला, दुहेरी तट दाखवला, दरवाजा वळणावर का बांधतात ते समजावून सांगितले. मुलगी मान डोलवत होती. मुलगा एका तोफेवर चढून बसला.

"पप्पा, हिचं तोंड लातूरकडं हाय का?"

"का रे?"

"ताईच्या क्लासवर एक गोळा टाकू."

"रविवारी टाकून काय उपयोग?" मुलगी म्हणाली. "आज सगळे बाहेर असतात."

"मग सोमवारी येऊ."

"सोमवारी तुला शाळा आहे," त्याची आई म्हणाली. "आधी उतर खाली. चड्डीचा रंग बघ काय झालाय."

मुलगी हसली. त्या दिवसभरात ती एवढीच हसली.

दुपारी उन्हाचा चटका वाढला तेव्हा आम्ही कमानींच्या एका दालनात जाऊन बसलो. वर दगडी छत होते, खाली गारवा होता. बायकोने धपाट्यांचा डबा उघडला. मुलीने अर्धेच धपाटे खाल्ले, हात पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"पप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बोल की."

धाकटा कान टवकारून बसलाच होता. "जरा पडते," ती म्हणाली. "उठल्यावर सांगते."

आईच्या मांडीवर डोके टेकल्याबरोबर तिला झोप लागली. लहान लेकरासारखे तोंड उघडे राहिले, एक हात गालाखाली गेला.

"ताई घोरायली," धाकटा आनंदाने म्हणाला.

"गप. जा, तिकडं खेळ."

मी तिच्याकडे पाहिले, मग वर पाहिले. छताच्या एका सांध्यातून पिंपळाचे मूळ खाली आले होते आणि त्याच्या कडेने भेग गेली होती. औशापासून किल्लारी फार दूर नाही. भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरला कॉलेजात होतो. त्या सकाळी आम्ही काही मुले मिळेल त्या टेम्पोने तिकडच्या एका गावात गेलो आणि दिवसभर कोसळलेल्या माळवदी छतांची माती उपसत राहिलो. भूकंप पहाटेचा होता, माणसे झोपेतच गेली होती. एका घरात मातीखाली एक मुलगी सापडली. तिचा हात गालाखाली होता. ती उठेल असे मला वाटले. मी तिला हाकही मारली.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. मदतीला गेलो होतो एवढे बायकोला ठाऊक होते. दगडी छताखाली कुणी झोपलेले मला पाहवत नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते. कसल्याशा सबबीखाली मी अशा जागी मुक्काम टाळत आलो होतो आणि त्या सबबी इतक्या चांगल्या असत की कुणाला शंका येत नसे. त्या दुपारी सबब तयारच होती.

"उठव तिला," मी म्हणालो.

"आत्ता तर डोळा लागलाय. अजून दोन तास आहेत, अहो."

"सहाला टेस्ट आहे तिची. गाडीत थोडं वाचून होईल."

"एवढ्यानं काय वाचून होणार आहे?"

किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी कमानीशी बसून होता. तोही म्हणाला, "झोपू द्या की लेकराला, साहेब. लई दमलेलं दिसतंय."

परक्या माणसाला जे दिसले, ते मला दिसत नव्हते असे नाही. पण मी घाबरलो होतो, आणि हे कुणाच्या ध्यानात येण्याआधी तिथून बाहेर पडायचे होते. मी वाकून तिचा खांदा जोरात हलवला.

ती दचकून उठली. "बेल झाली?"

"टेस्ट आहे ना आज," मी म्हणालो.

तिने आधी कमानींकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "हो," म्हणाली, आणि ओढणी झटकून उभी राहिली.

गाडीत मी विचारले, "काय सांगायचं होतं गं?"

"काही नाही."

मी पुन्हा विचारले नाही. बायको खिडकीबाहेर पाहत होती. वसतिगृहाच्या फाटकाशी आम्ही सव्वा तास लवकर पोचलो.

तीन आठवड्यांनी वसतिगृहाच्या मॅडमचा फोन आला. मुलगी दोन दिवस खोलीबाहेर आली नव्हती, जेवत नव्हती. आम्ही तिला नांदेडला आणले. डॉक्टरांनी तिला विचारले, झोप कधीपासून लागत नाही? मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"पावसाळ्यापासून," ती म्हणाली. "मधे एकदा औशाच्या किल्ल्यात लागली होती. चांगली लागली होती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचे ती नीट उत्तर देत होती.

ती लातूरला परत गेली नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याशी बोलण्याची तयारी करत होतो. शिक्षकाला शब्दांची वाण नसते, पण हे शब्द येत नव्हते. अखेर एका सकाळी ती अंगणात भाजी निवडत बसली असताना मी तिच्यासमोर बसलो आणि ते गाव, ती माती आणि ती मुलगी, सगळे सांगितले. टेस्ट ही त्या दिवशी नुसती सबब होती, हेही सांगितले.

तिचे हात थांबले होते. "मला वाटलं, मी झोपलेली तुम्हाला चालत नाही," ती म्हणाली. "म्हणून मग सांगितलंच नाही."

"काय सांगणार होतीस?"

"घरी न्या म्हणणार होते."

माझ्याकडे पाहत तिने विचारले, "मग तेव्हाच का नाही बोललात, पप्पा? भीती वाटते म्हणून?"

"मुलांपुढं बाप घाबरलेला दिसू नये, असं वाटलं."

तिने मेथीची एक काडी उचलली आणि पाने खुडू लागली. "मला पण तुमच्यापुढं तसंच वाटायचं," ती म्हणाली.