वन्संची चूल

ऊसतोड चालू होती. टोळीला चहा घेऊन बांधावर पोचते तोच फोन वाजला. वन्संच्या दवाखान्याच्या ट्रस्टचे चिटणीस. "ताई आपल्यातून निघून गेल्या," म्हणाले. आपल्यातून म्हणजे कुणातून, असं अगदी ओठांवर आलं होतं. ज्या बाईला तुम्ही मीटिंगला साधी खुर्ची दिली नाहीत, ती तुमच्यातली कधी झाली? पण मी बांधावरच बसले... माझी नणंद गेली होती. महिन्याभरानं त्यांचाच पुन्हा फोन. ताईंच्या नावानं स्मृतिभवन बांधायचं ठरलंय, गुळगुळीत फरशीचं, व्यासपीठासकट. जागा कुठली, विचारलं. "पेशंटच्या नातेवाइकांची ती चुलीची शेड पाडतोय. धुरानं सगळ्या भिंती काळ्या झाल्यात हो." तिथं माझं डोकं फिरलं.

वन्संचं आणि माझं कधीच पटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे, ती मला जमत नाही. त्यांनी लग्न केलं नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात मिशनचा दवाखाना आहे, तिथं नर्स म्हणून गेल्या आणि तिथल्याच झाल्या. कुंडलला आमच्याकडे फक्त दिवाळीला यायच्या, आणि आल्या की माझ्याच घरात मला हुकूम. "सुमे, मोटं पातेलं कुटं ठेवलंस?" जाताना ते पातेलं त्यांच्याबरोबर जायचं. माझ्या घरातली धड भांडी अशी एकेक करून त्या शेडमध्ये गेली. मी नवऱ्याकडे गाऱ्हाणं केलं, पण तो बहिणीपुढं मुका.

धाकटीच्या वेळी त्यांनी मला बाळंतपणाला तिथंच ओढून नेलं. "सांगलीला कशाला जातीस? मी हाय न्हवं हितं." त्या डोंगरातल्या कातकरी वस्त्यांवरून बाई बाळंतपणाला आली की तिच्याबरोबर आई, सासू, बहीण, पोरं असा सगळा गोतावळा येतो. शेडमध्ये तीन दगड मांडून तिला गरम पाणी, गरम भात तिचीच माणसं करून घालतात. ते नसेल तर ती राहत नाही. नवे डॉक्टर आले होते, त्यांनी धूर होतो म्हणून शेडला कुलूप घातलं. मी खिडकीजवळच्या खाटेवर होते. दिवस भरलेली एक पोर आईबरोबर चढ चढून आली. आईनं कुलूप बघितलं. "चूल न्हाई, तर लेकीला काय घालू?" म्हणाली, आणि दोघी मागं फिरल्या. वन्सं आत ऑपरेशनला होत्या. मी खिडकीतून हाका मारमारून घसा फोडला, पण त्या थांबल्या नाहीत. मूल वाटेतच झालं आणि वाटेतच गेलं.

वन्संना कळलं तशा त्या थेट शेडकडं गेल्या. वरवंटा आणला आणि कुलूप फोडलं. डॉक्टर धावत आले, तर त्यांना म्हणाल्या, "सायेब, त्यो धूर दिसला की मगच बाया वर येत्यात." मग वॉर्डात येऊन थेट माझ्यावर ओरडल्या, "तुला कुणी उटून बसाय सांगितलं?" मला ती बाई तेव्हाही आवडली नाही. पण मी मुकाट्यानं आडवी झाले.

परवा मुद्दाम तिथं जाऊन आले. ट्रस्टच्या लोकांनी फोटोला हार घातलाय, उदबत्ती लावलीय. शेडमध्ये एक सासू भात रांधत होती, सून वॉर्डात. म्हणाली, "आवं, पाडनार म्हनत्यात. मंग आमी कुटं शिजवायचं?" मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. यांनी कुलूप घातलं असतं तर फोडता आलं असतं. हे तर वन्संचंच नाव लावून पाडतायत.

भूमिपूजनाचा नारळ फोडायचा मान घरच्या माणसाचा, म्हणून मला बोलावणं आलंय. मी हो म्हटलं. नवरा काळजीत आहे. "सुमन, तितं जाऊन भांडू नगंस." भांडणार नाही. नारळ फोडणार, अगदी रीतीनं फोडणार. फक्त व्यासपीठापुढं नाही, त्या शेडमध्ये बसून. आणि खोबरं वाटून त्या सासूच्या कालवणात घालणार. जेसीबीवाल्यानं हवं तर जेवून जावं.