बेदाण्याच्या थंडीतले टायर

तासगावात लियाकतभाईंच्या टायरच्या दुकानात गेलात, तर पहिली पाच मिनिटं ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. गाडीपाशी उकिडवे बसतील, टायरवरून तळवा फिरवतील, अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघतील आणि मग टायरकडे बघतच बोलायला लागतील. मला सगळा तालुका बेदाण्याचा व्यापारी वर्धमानआण्णा म्हणून ओळखतो. लियाकतभाई ओळखतात ते पुढचं डावं चाक खाणारा माणूस म्हणून. "आण्णा, वळणाला लय घाई करता," असं त्यांनी एकदा चाकाकडे बघून सांगितलं. माझी बायको लग्न झाल्यापासून हेच सांगत होती, पण तिच्याकडे चाकाचा पुरावा नव्हता.

गाडी दुकानातून निघाली की ते चारही टायरना हात लावतात आणि पुटपुटतात, "घिऊन ये रं माघारी." हे टायरला म्हणतात, ड्रायव्हरला नाही.

त्यांचा मुलगा तारिक सव्वीस वर्षांचा आहे. गाडी अशी चालवतो की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "अब्बा, टायर काढण्यात मी जन्म घालवणार न्हाई." झालं, त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. मीठ हवं का, हेसुद्धा तारिकच्या आईमार्फत, सलिमाभाभींमार्फत विचारलं जायचं. त्या बिचारीचं अर्धं जेवण निरोप पोचवण्यातच थंड व्हायचं.

दिवाळीला आटपाडीकडचा जयराज आला. त्याचं शिमल्यात सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, म्हणजे गलाईचं दुकान आहे. आमच्या भागातले गलाईवाले देशभर पसरलेत, आणि सणाला गावी येतात ते नवी गाडी घेऊन. जयराजची गाडी तर दारातल्या मांडवाला अडेल एवढी उंच. ती शिमल्यात चालवायला त्याने तारिकला ठरवलं, आणि टायर घ्यायला गाडी आणली ती लियाकतभाईंच्याच दारात.

"चाचा, डिसेंबरनंतर तिकडं रस्त्यावर बर्फ आसतंय. त्याला टिकतील आसं द्या. पोरं-बायकू आसत्यात गाडीत."

लियाकतभाईंनी बर्फ बघितलेला फक्त रसवंतीच्या लाकडी पेटीत. जरा विचार करून म्हणाले, "बर्फ म्हंजी चिखलच की. फकस्त पांढरा."

मीही मान हलवली. हसू नका, आम्हा तासगावकरांचं घसरण्याचं सगळं ज्ञान काळ्या रानात मिळालेलं. अवकाळी पाऊस झाला आणि ट्रॅक्टर द्राक्षबागेत रुतला की एकच उपाय, जाड आणि खोल खाचांचे टायर. तसेच दणकट टायर भाईंनी काढून ठेवले. जयराज खूश, कारण गाडी त्यांच्यावर आणखी उंच दिसणार होती. पुण्याच्या व्यापाऱ्याने ‘खास बर्फाचा’ म्हणून एक टायर नमुन्याला पाठवला होता. भाईंनी त्यात नख रुतवलं आणि तो कोपऱ्यात सारला. "टायर हाय का खोडरबर?"

जायच्या आठ दिवस आधी सलिमाभाभींना तारिकबरोबर बेदाणा द्यायचा होता. माझा माल कोल्ड स्टोरेजमध्ये. भाई माझ्याबरोबर आत आले ते नेहमीच्या टायरच्या तळाच्या चपला घालून. थंड हवेच्या यंत्राखाली पाणी ठिबकून फरशी ओली झाली होती. मी माझ्या मऊ स्लिपरवर सरळ पलीकडे गेलो. मागे धप्पकन आवाज आला. भाई जमिनीवर बसले होते.

मी हसलो. मग बघितलं, तर माणूस उठतच नव्हता. त्यांनी चप्पल काढली होती आणि तिच्या तळात ते नख रुतवून बघत होते.

"आण्णा, लाकूड झालंय हेचं."

"उठा आधी, गारठाल."

"तिकडं तर हेच्याहून गार. आनि मी पोराला लाकडावर बसवून धाडत हुतो."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुपारी दोन्ही टायर, दणकट आणि खोडरबर, माझ्या बेदाण्याच्या पेट्यांशेजारी ठेवले. स्टोरेज सांभाळणारा गुंडा कुरकुरला, "आण्णा, मालाला रबराचा वास लागंल." मी त्याला झाडलं. माल माझा, वासही माझाच.

तिसऱ्या दिवशी गेलो. दणकट टायरवर भाईंचं नख वाकलं. खोडरबरात ते पहिल्यासारखंच रुतलं. त्याच्या अंगभर बारीक चिरा होत्या, त्या अंगठ्याखाली उघडत होत्या, मिटत होत्या. भाई त्यावर तळवा ठेवून बसून राहिले.

"चाळीस वर्सं लोकास्नी टायर दिलं, आण्णा. कवातरी चुकलोबी आसंन. ह्या येळला चुकून भागायचं न्हाई."

मलाही लेक आहे.

जयराजला ते मऊ टायर पसंत पडेनात. "चाचा, ही लय नाजूक दिसत्यात."

"शेठ, गाडी तुमची हाय," भाई टायरकडे बघत म्हणाले. "पोरगं माजं हाय."

जयराजने वाकून टायरवर स्वतःचा अंगठा दाबून बघितला. मग म्हणाला, "तुमी म्हनाल तेच."

पुण्याहून आणखी चार आले, स्टेपनीसकट. पण इथून शिमल्यापर्यंतच्या तापल्या रस्त्यांवर ते झिजले असते. म्हणून गाडीखाली जुने टायर ठेवून नवे टपावर बांधायचे ठरले. हे तारिकला सांगणं भाग होतं, आणि त्या दिवशी सलिमाभाभी नेमक्या माहेरी. भाई टपावरच्या टायरशी बोलायला लागले.

"मऊ हैस तू. उन्हात उतरायचं न्हाई. डोंगर लागला की मगच खाली यायचं. हवा गार टायरातच बगून घ्यायची, पळून आल्यावर न्हाई. आनि बर्फावर ब्रेक दाबायचा न्हाई एकदम, कळलं का?"

तारिक दोरी धरून उभा होता. "व्हय, अब्बा," तो म्हणाला.

सहा महिन्यांत पहिला शब्द. मी दोरीची गाठ बघण्याचं नाटक करत राहिलो.

निघताना भाईंनी खालच्या चारांना आणि वरच्या पाचांना हात लावला. "घिऊन या रं माघारी." तारिककडे बघितलं नाही. गाडी नाक्यावरून वळेपर्यंत चाकांकडे मात्र बघत राहिले.

डिसेंबर सरता सरता मी दुकानात चहा पीत बसलो होतो, तेव्हा तारिकचा व्हिडिओ कॉल आला. भाईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला. पडद्यावर सगळं पांढरं, मधे काळं चाक, आणि मागे बर्फात उमटलेली लांब सरळ नक्षी.

"अब्बा, पयला बर्फ! घाटातनं आलो, जराबी घसरलं न्हाई. हे बगा, टायर बगा तुमचं!"

मी बघायला वाकलो. लियाकतभाईंनी फोन जवळ ओढला.

"टायर ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "आदी तुजं तोंड दाखीव."