पदरात दाबलेलं हसू

१२ नोव्हेंबर. दुपारी मेथी निवडताना टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा लागला. माझ्या लग्नाच्या वर्षी उमरीला आम्ही तो भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता. सासरे पुढे बसलेले, आम्ही दोघी जावा मागे, तोंडात पदर कोंबून. सिनेमातला नवरदेव हौदात पडला आणि मी खळखळून हसले.

सासऱ्यांनी मान वळवली. "कोण हासलं?"

"म्याच, मामा. न्हाई आवरलं," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. बोलणी त्यांनीच खाल्ली.

वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. आज नवरदेव पुन्हा पडला. घरात मी एकटी, कितीही हसले असते तरी चाललं असतं. हसू आलंच नाही.

१३ नोव्हेंबर. सकाळी मेथीचे धपाटे बांधले आणि जाऊबाईंच्या हदगावची बस धरली.